औषधाची फूटपट्टी समाजाला लावताना

पुराव्याधारित आरोग्यसेवेचा इतिहास सांगणारे बहुतेक जण १७४७ च्या त्या ब्रिटिश जहाजापासून सुरुवात करतात. स्कर्व्ही (क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा आजार) झालेले बारा खलाशी, दोघादोघांच्या सहा जोड्या, आणि संत्री-लिंबं मिळालेली जोडी सगळ्यांत आधी उठून कामाला लागली. पुढचा भाग मात्र कमी सांगितला जातो. आरमाराने लिंबाच्या रसाचा पुरवठा अधिकृतपणे मान्य करायला १७९५ साल उजाडलं. पुरावा हाती असतानाही तो अमलात यायला लागणारा हा वेळ याच इतिहासात पुन्हा पुन्हा दिसतो.

मधली दोनशे वर्षं ओलांडून १९४८ मध्ये आलं तरी फारसं बिघडत नाही. त्या वर्षी ब्रिटनमधली स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी प्रसिद्ध झाली. क्षयाचे १०७ रुग्ण होते. त्यांतल्या ५५ जणांना औषध आणि विश्रांती, तर ५२ जणांना फक्त विश्रांती मिळाली. कोण कुठल्या गटात जाणार हे सीलबंद पाकिटातून ठरलं. सहा महिन्यांत पहिल्या गटात ४ मृत्यू झाले, दुसऱ्यात १४. काही रुग्णांना औषधाविना ठेवणं नैतिकदृष्ट्या कसं चाललं, असा प्रश्न आज पडतो. त्याचं उत्तर टंचाईत आहे: युद्धानंतर परकीय चलन नव्हतं, औषध सगळ्यांना पुरणारच नव्हतं. मग ते कोणाला द्यायचं हे वशिल्यावर सोडण्यापेक्षा पाकिटावर सोडलेलं बरं.

पुढच्या चाळीस वर्षांत ही पद्धत औषधांच्या जगात मुरली. गर्भवतींनी घेतल्यावर बाळांत व्यंग आणणाऱ्या थॅलिडोमाइड या औषधाच्या शोकांतिकेनंतर १९६२ मध्ये अमेरिकेत नव्या औषधाची परिणामकारकता सिद्ध करणं कायद्याने बंधनकारक झालं. १९८९ मध्ये हृदयाचे अनियमित ठोके ताब्यात आणणाऱ्या औषधांची मोठी चाचणी झाली. ठोके सुधारले, पण ही औषधं घेणारे रुग्णच जास्त दगावले. ‘शरीरशास्त्राच्या हिशेबाने असं व्हायलाच हवं’ या युक्तिवादाला इतका जोरदार धक्का क्वचितच बसला असेल. १९९० च्या सुमारास कॅनडातल्या हॅमिल्टनमध्ये या विचाराला ‘पुराव्याधारित वैद्यक’ हे आजचं नाव मिळालं आणि १९९३ मध्ये चाचण्यांचे पद्धतशीर आढावे घेणारं आंतरराष्ट्रीय जाळं उभं राहिलं. त्याच्या बोधचिन्हातच एक चपराक आहे: त्यात एका दुर्लक्षित उपचाराच्या चाचण्यांचे निकाल रेखाटलेले आहेत. मुदतीपूर्वी प्रसूती होऊ घातलेल्या आईला स्टिरॉइड दिलं तर बाळं वाचतात, हे दाखवणारी पहिली चाचणी न्यूझीलंडमधून १९७२ मध्ये आली होती. नंतर आणखी चाचण्या झाल्या, पण त्या एकत्र मांडल्याच गेल्या नव्हत्या, आणि दोन दशकं बहुसंख्य प्रसूतितज्ज्ञ ते औषध देत नव्हते.

इथपर्यंतचा वाद डॉक्टरांचा आपसातला. खरी कुस्ती सुरू झाली ती हीच फूटपट्टी आरोग्य संवर्धनाला, म्हणजे लोक मुळात निरोगी राहावेत यासाठीच्या प्रयत्नांना, लावायची वेळ आली तेव्हा.

कॅनडातल्या ओटावा इथे झालेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या १९८६ च्या सनदेने आरोग्य संवर्धन म्हणजे नुसता उपदेश नव्हे, असं ठणकावून सांगितलं होतं. धोरण, परिसर, समुदायाचा सहभाग, व्यक्तीची कौशल्यं आणि आरोग्यसेवेची नवी दिशा, असं सगळं त्यात आलं. मे १९९८ मध्ये जगभरच्या आरोग्यमंत्र्यांच्या सभेने या क्षेत्रात पुराव्याधारित दृष्टिकोन स्वीकारावा, असा ठराव केला. त्यासाठी संख्यात्मक आणि गुणात्मक अशा सर्व पद्धती वापराव्यात, असंही म्हटलं. त्याच वर्षी युरोपातल्या एका तज्ज्ञगटाने धोरणकर्त्यांना शिफारस केली: आरोग्य संवर्धनाचे उपक्रम तपासण्यासाठी यादृच्छिक नियंत्रित चाचण्या (चिठ्ठ्या टाकून गट पाडून केलेली तुलना) वापरणं बहुतेक वेळा अयोग्य, दिशाभूल करणारं आणि विनाकारण खर्चिक आहे.

या शिफारशीवरून आजही भांडणं होतात. तिच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. अमेरिका आणि कॅनडात १९८८ ते १९९२ या काळात शहरांच्या ११ जोड्या घेतल्या गेल्या. प्रत्येक जोडीतल्या एका शहरात धूम्रपान सोडवण्याची जंगी मोहीम झाली, दुसरं तसंच ठेवलं. भरपूर सिगारेटी ओढणाऱ्यांमध्ये शेवटी काहीच फरक पडला नाही. कमी ओढणाऱ्यांत थोडा पडला. अडचण अशी, की ‘तसंच ठेवलेलं’ शहर तसंच राहत नाही. तिथेही वर्तमानपत्रं पोहोचतात, किमती वाढतात. फिनलंडच्या एका प्रांतात १९७२ पासून हृदयरोगाविरुद्ध मोहीम चालली, तेव्हा तुलनेसाठी घेतलेल्या शेजारच्या प्रांतातही मृत्यू घटले होते. शिवाय तंबाखूविरोधाचा अख्खा डोलारा १९५० च्या दशकातल्या निरीक्षणांवर उभा आहे. चिठ्ठ्या टाकून कोणी कोणाला सिगारेट ओढायला लावली नव्हती, आणि कर वाढवायचा तो अर्ध्या देशात वाढवून चालत नाही.

असं असलं, तरी ‘दिशाभूल करणारं’ म्हणणं फार पुढे जाणं होतं, असं माझं मत आहे. मोठी दिशाभूल चाचणी न करण्यातून झाली. लॉस एंजेलिसमध्ये १९८३ मध्ये पोलिसांनी वर्गात येऊन मुलांना अमली पदार्थांपासून परावृत्त करण्याचा कार्यक्रम सुरू झाला. शिक्षक खूश, पालक खूश, आणि तो देशभर पसरला. १९९४ मध्ये उपलब्ध अभ्यास एकत्र केले, तर मुलांच्या वापरावर परिणाम जवळजवळ नगण्य निघाला. वाया जाऊ पाहणाऱ्या मुलांना तुरुंग दाखवून घाबरवण्याच्या कार्यक्रमांचे आढावे तर सांगतात, की त्यामुळे गुन्हे वाढले. मॅसॅच्युसेट्समध्ये १९३९ पासून मुलांना वर्षानुवर्षं मार्गदर्शन देणारा एक प्रकल्प चालला; तीस वर्षांनी पाहिलं, तर मदत मिळालेली मुलं न मिळालेल्यांपेक्षा काही बाबतींत वाईट अवस्थेत होती. तुलनेचा गट नसता, तर हेच कार्यक्रम यशोगाथा म्हणून गाजले असते.

तान्ह्या बाळांना पालथं झोपवण्याचा सल्ला हा याहून क्लेशदायक प्रकार. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर तो सर्रास दिला गेला. १९७० पर्यंतचे अभ्यास एकत्र मांडले असते, तर धोका तेव्हाच दिसला असता, असं पुढच्या एका विश्लेषणाने दाखवलं. उताणं झोपवण्याच्या मोहिमा मात्र १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आल्या, आणि त्यानंतर अचानक होणारे बालमृत्यू झपाट्याने उतरले. इथे चाचणी नव्हती आणि तिची गरजही नव्हती. हाताशी असलेल्या अभ्यासांची बेरीज कोणी केली नव्हती, एवढंच. चाचणीवाले आणि चाचणीविरोधी, दोघांनाही हे उदाहरण अडचणीचं वाटतं.

पुढे मधला रस्ता निघाला. गुंतागुंतीचे उपक्रम कसे तपासावेत याची चौकट ब्रिटनमध्ये २००० मध्ये आली. ती २००८ आणि २०२१ मध्ये सुधारली गेली. व्यक्तींऐवजी शाळा किंवा अख्खी गावं चिठ्ठ्या टाकून निवडायची पद्धत रुळली.

मग कोविड आला. औषधांच्या बाबतीत उत्तरं विलक्षण वेगाने मिळाली: जून २०२० मध्येच डेक्सामेथासोनचा उपयोग आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्वीनचा निरुपयोग, दोन्ही स्पष्ट झाले. सामाजिक उपायांच्या चाचण्या त्या मानाने नावापुरत्याच झाल्या. त्यांतली मोठी बांगलादेशातली. ६०० गावांपैकी निम्म्यांत फुकट मास्क, आठवण आणि स्थानिक नेत्यांचा पुढाकार असं सगळं मिळून दिलं. मास्कचा वापर सुमारे १३ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेला, आणि सर्जिकल मास्क वाटलेल्या गावांत लक्षणांसह झालेला संसर्ग ११ टक्क्यांनी कमी आढळला. आकडेमोडीवर पुढे वाद झालाच.

२०२३ मध्ये अशा चाचण्यांचा एक आढावा आला आणि ‘मास्क निरुपयोगी ठरले’ असे मथळे झळकले. आढावा छापणाऱ्या संस्थेच्या संपादकांना जाहीर खुलासा करावा लागला: तपासलं होतं ते मास्क घालायला उद्युक्त करणाऱ्या मोहिमांनी संसर्ग रोखला जातो का हे, आणि त्याचा निष्कर्ष अनिर्णित आहे. चाचणी कापडाच्या तुकड्याची होती की तो लोकांच्या तोंडावर चढवण्याच्या खटपटीची, हे मथळे देणाऱ्यांनी पाहिलंच नव्हतं. अशा चाचण्या दिशाभूल करू शकतात, हेच युरोपातल्या त्या गटाचे समर्थक १९९८ पासून सांगत होते, आणि त्यांचे विरोधक याच खुलाशाकडे बोट दाखवून म्हणतात, की मग आणखी चाचण्या करा.