मामा आणि दादा: प्रयोगशाळा सहाय्यक वेगळा, टीचिंग असिस्टंट वेगळा

मागच्या एप्रिलमध्ये मिरजेहून एका वडिलांचा फोन आला. मुलगा मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला. सांगलीत आम्ही मे महिन्यात विज्ञान-अभियांत्रिकीचं जे तीन आठवड्यांचं शिबिर घेतो, त्यासाठी टीचिंग असिस्टंट म्हणून त्याची निवड झाली होती. वडिलांच्या आवाजात राग नव्हता, काळजी होती. "सर, कर्ज काढून इंजिनिअरिंगला घातलंय ओ त्याला. आणि आता असिस्टंट म्हणून लॅबमधली काचेची भांडी विसळायची का त्यानं?"

त्यांचं काही चुकलं नव्हतं. आपल्याकडे लॅब असिस्टंट हा माणूस पिढ्यान्‌पिढ्या ओळखीचा. टीचिंग असिस्टंट, म्हणजे टीए, हा शब्द मात्र आत्ता आत्ता कानावर पडायला लागलाय, आणि सरकारी कचेरीत टीए म्हटलं तर लोक प्रवासभत्त्याचा फॉर्म पुढे करतात. मराठीत आणायला जावं तर दोघंही 'सहाय्यक'च. त्यात पुन्हा 'सहाय्यक प्राध्यापक' असतात. ते पूर्णवेळ अध्यापकाचं पद, ज्याला आपण पूर्वी अधिव्याख्याता म्हणायचो. त्यांचा इथे संबंध नाही, म्हणून त्यांना बाजूला ठेवतो.

शिबिराला येणाऱ्या मुलांनी हा गोंधळ त्यांच्या परीनं पहिल्याच दिवशी सोडवलेला असतो. तासगाव, पलूस, जत, वाळवा, मिरज अशा सगळीकडून नववी ते अकरावीची मुलं येतात. लॅब असिस्टंटना ती 'मामा' म्हणतात आणि टीएला 'दादा' किंवा 'ताई'. नाती बरोबर लावलेली आहेत. मामाकडे वस्तू मागायला जायचं, दादाशेजारी वही घेऊन बसायचं.

मामांचं काम उपकरणांपासून सुरू होतं. ते शिक्षकेतर कर्मचारी. प्रयोगाची मांडणी करणं, द्रावणं बनवणं, आम्ल पातळ करताना पाण्यात आम्ल घालणं (आम्लात पाणी कधीच नाही), तुटफुटीची नोंद, डेडस्टॉक रजिस्टर (टिकाऊ सामानाची नोंदवही), कपाटांच्या किल्ल्या, हे सगळं त्यांच्याकडे. पण यादीतून त्यांची खरी किंमत कळत नाही. आमचे मामा नादकाटा (ठरावीक सूर देणारा ट्यूनिंग फोर्क) कानाशी धरून सांगतात की हा कुणीतरी टेबलाच्या कडेवर आपटलाय, हा बाजूला ठेवा. कोणत्या तारेला कुठे मुरड पडली आहे, कोणत्या व्होल्टमीटरचा काटा अडकतो, हे त्यांना न बघता ठाऊक असतं. प्रयोग नीट होईल याची हमी आम्हा शिक्षकांपेक्षा तेच जास्त खात्रीनं देऊ शकतात.

टीएचं काम मुलाच्या वहीपासून सुरू होतं. उपकरण नीट चाललंय, वाचन बरोबर घेतलंय, तरी मुलाच्या डोक्यात काय चाललंय हे कुणी बघायचं? प्राध्यापक फळ्यापाशी असतात आणि समोर चाळीस मुलं. तिथे पाच-सहा मुलांमागे एक असा, त्यांच्यापेक्षा चारेक वर्षांनी मोठा विद्यार्थी बसवायचा. तो समजावून सांगतो ते कमीच. तो विचारतो, ऐकतो, आणि मूल कुठे अडलंय ते शोधतो.

हे नुसतं बोलून पटत नाही, म्हणून गेल्या मे महिन्यातली एक दुपार सांगतो. सांगलीतली मे महिन्यातली दुपार. पंखे बंद ठेवलेले, कारण वाऱ्यानं कागद उडतो आणि प्रयोग सगळा कागदावरच होता. सोनोमीटरचा प्रयोग. लांब लाकडी पेटी, तिच्यावर ताणलेली पोलादी तार, तारेचं एक टोक कप्पीवरून खाली सोडलेलं, त्याला हँगर, आणि हँगरमध्ये अर्ध्या-अर्ध्या किलोची वजनं. तारेखाली दोन घोड्या. मिरजेच्या सतारमेकर गल्लीजवळच्या मुलांना घोडी म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. नादकाटा वाजवून पेटीवर टेकवायचा आणि घोड्या सरकवत राहायच्या. तारेवर मधोमध ठेवलेला कागदाचा चिमुकला तुकडा घोड्यांमधल्या ज्या लांबीला थरथरून उडतो, ती लांबी लिहून घ्यायची.

नियम असा की सूर तोच ठेवायचा असेल तर ताण चौपट केल्यावर तारेची लांबी दुप्पट करावी लागते. पलूसच्या एका मुलीनं २५६ हर्ट्‌झचा नादकाटा घेऊन चार वाचनं घेतली. अर्ध्या किलोला २०.४ सेंटिमीटर, एक किलोला २५, दीडला २८.८, दोन किलोला ३२.२. अर्ध्याचे दोन किलो म्हणजे वजन चौपट झालं. लांबी ४०.८ यायला हवी होती, आली ३२.२. तिनं पुन्हा मोजलं, पुन्हा तेच. मग तिनं खोडरबर काढलं.

मामा शेजारच्या टेबलावर होते. त्यांनी वहीकडे नजर टाकली आणि त्यांना चूक तत्क्षणी कळली. तिनं हँगरमधली वजनं धरली होती, खुद्द हँगरचं वजन धरलंच नव्हतं. कॉलेजच्या प्रॅक्टिकलमध्ये ते सरळ म्हणाले असते, "हँगर धर की बाळ त्यात," आणि ते योग्यही असतं. दोन तासांत वीस मुलांचे प्रयोग आटोपायचे असतात, जर्नलवर सह्या व्हायच्या असतात.

त्या दिवशी तिच्या गटाचा टीए होता तोच मिरजेचा मुलगा. चुकीचं कारण त्यालाही कळलं होतं. तो स्टूल ओढून बसला आणि म्हणाला, "खोडू नकोस. लांबीचा वर्ग कर आणि वजनासमोर आलेख काढ." तिनं काढला. ४१६, ६२५, ८२९, १०३७. चारही बिंदू पट्टीला चिकटून सरळ रेषेत. ती हरखली आणि लगेच थबकली, कारण रेघ सरळ होती पण शून्यातून जात नव्हती.

"वजन शून्य असेल तर तारेला ताण किती?"

"काहीच नाही."

"तुझी रेघ काय म्हणते?"

रेघ म्हणत होती, वजन शून्य असतानाही ताण आहे. मग तिनं स्वतःच पट्टी धरून रेघ डावीकडे वाढवली. ती आडव्या अक्षाला शून्याच्या अलीकडे, उणे अर्ध्या किलोपाशी जाऊन मिळाली. उणे अर्धा किलो म्हणजे काय, यावर पाच-सात मिनिटं कुणीच काही बोललं नाही. टीएसुद्धा नाही, आणि माझ्या मते त्या दिवशी त्यानं केलेलं सगळ्यात अवघड काम ते गप्प बसणं होतं. मग ती वाकली, टेबलाखाली लोंबणाऱ्या हँगरकडे बघत राहिली, उठली आणि म्हणाली, "मामा, तराजू देता का?" हँगर भरला अर्धा किलो.

चूक म्हणून जे आकडे ती खोडायला निघाली होती, त्यांतूनच तिनं न तोललेल्या वस्तूचं वजन काढलं होतं. मामांनी सांगितलं असतं तरी तीच गोष्ट तिला कळली असती, पण 'हँगर धरायचा असतो' एवढीच. रेघ शून्यातून गेली नाही तर कुठे बघायचं, हे पुढे पंपाच्या, स्प्रिंगच्या किंवा बॅटरीच्या प्रयोगात उपयोगी पडणारं ज्ञान तिला त्या पंधरा मिनिटांत मिळालं.

हा फरक आम्हालाही पहिल्या वर्षी कळला नव्हता, आणि त्याची जबाबदारी माझी. तेव्हा तिसऱ्या वर्षाची आठ मुलं घेतली आणि वस्तू देणं, मांडणी करणं, मुलांना मदत करणं सगळं त्यांच्यावरच सोपवलं. मामांना सुट्टीत कशाला बोलवायचं, असा विचार. बिचारी मुलं दिवसभर वायरी शोधत आणि फ्यूज बदलत राहिली. मुलांपाशी पोचायची तेव्हा घाईत असायची आणि घाईतला माणूस उत्तरच देतो. शेवटच्या दिवशी मी वह्या गोळा केल्या. सगळ्या वह्यांतली वाचनं बरोबर होती, एका वहीतही खाडाखोड नव्हती. तीन आठवड्यांत एकाही मुलाला स्वतःची चूक स्वतः सापडली नव्हती. त्या वह्या मी अजून ठेवल्या आहेत.

थोरल्या विद्यार्थ्यानं धाकट्याला शिकवणं आपल्याला नवं नाही. दक्षिणेतल्या गावठी शाळांत मोठी मुलं लहानांकडून धुळीत अक्षरं गिरवून घेत. मद्रासच्या अनाथाश्रमात काम करणाऱ्या अँड्र्यू बेल यांनी ती रीत पाहिली, स्वतः वापरली आणि १७९७ मध्ये लंडनला तिच्यावर पुस्तिका छापली. तिथून ती इंग्लंडभर गेली. पण तिथला मॉनिटर, म्हणजे शिकवणारा थोरला मुलगा, ठरलेला धडा घोकून घ्यायचा. आजच्या टीएकडून अपेक्षा वेगळी आहे.

ती अपेक्षा कशी पुरी करायची, याचं मला सगळ्यात पटलेलं उदाहरण अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचं. तिथे २००३ पासून पदवीचेच विद्यार्थी 'लर्निंग असिस्टंट' म्हणून घेतात. ते वर्गात गटांबरोबर बसतात, दर आठवड्याला प्राध्यापकांबरोबर पुढच्या धड्याची तयारी करतात, आणि प्रश्न कसा विचारावा, मूल काय समजून बसलंय ते कसं ओळखावं, याचा एक अभ्यासक्रमही त्यांना करावा लागतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाचं 'कॉसमॉस' हे शाळकरी मुलांसाठीचं चार आठवड्यांचं निवासी उन्हाळी शिबिर. तिथेही प्राध्यापकांच्या हाताखाली विद्यापीठाचे विद्यार्थी असतात, आणि वसतिगृहात मुलांची काळजी घेणारी माणसं निराळी असतात. आपल्याकडे रात्री वसतिगृहातली हजेरीही टीएच्याच गळ्यात टाकायचा मोह होतो. तो टाळावा. रात्री बारापर्यंत जागलेला दादा सकाळी नऊ वाजता सोनोमीटरपाशी गप्प बसू शकत नाही, पटकन उत्तर सांगून मोकळा होतो.

भारतातही टीए आहेत. आयआयटीत गेट या प्रवेशपरीक्षेतून एमटेकला गेलेल्या मुलांना महिन्याला १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं आणि त्याबदल्यात आठवड्याला साधारण आठ तास अध्यापनात मदत करावी लागते. म्हणजे हे काम पगारी असू शकतं, आणि असावं. आमच्या शिबिराची मिळकत बेताची आहे, तरी टीएला मानधन देतोच. नुसतं प्रमाणपत्र आणि गुलाबाचं फूल देऊन तीन आठवडे राबवून घेणं मला मान्य नाही. मामांच्या बाबतीत तर हे आणखी काटेकोरपणे पाळायला हवं. शिक्षकांना उन्हाळ्याची सुट्टी असते, शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना तशी नसते. त्यांची नेहमीची कामं तशीच राहतात आणि शिबिर वर येऊन पडतं.

आता या कामासाठी अर्ज करू पाहणाऱ्या मुलामुलींसाठी थोडं. निवडताना आम्ही सीजीपीए शेवटी बघतो. मुलाखतीत पहिला प्रश्न असतो, कोणती गोष्ट कळायला तुला सगळ्यात जास्त दिवस लागले? ज्याला लगेच सगळं कळलं असं तो सांगतो, त्याला हे काम जड जातं. ज्या मुलीनं सांगितलं की घर्षण कोणत्या दिशेला दाखवायचं हे तिला दुसऱ्या वर्षापर्यंत कळत नव्हतं आणि मग ते कसं कळलं, तिला आम्ही उभ्या उभ्या घेतलं.

शिबिराआधीचा आठवडा तयारीचा. त्यात शिक्षक असतात मामा. टीएनं प्रत्येक प्रयोग मामांसमोर स्वतः करायचा, मुद्दाम बिघडवायचा, पुन्हा करायचा. त्या आठवड्यात दोन नियम ठरतात. कपाटाच्या किल्लीला टीएनं हात लावायचा नाही आणि मुलाच्या पेन्सिलीला कुणीच हात लावायचा नाही. याला अपवाद एकच. तापलेलं सोल्डरिंग गन, उघडी वायर, आम्लाची बाटली असं काही दिसलं की प्रश्न विचारत बसायचं नाही. मोठ्यानं "थांब" म्हणायचं आणि हात धरायचा. तिथे दादा आणि मामा दोघांचं काम एकच.

त्या मिरजेच्या वडिलांना मी फोनवर एवढं सगळं सांगू शकलो नाही. म्हटलं, एकदा दुपारचे येऊन बघा. ते आले, दाराशी अर्धा तास उभे राहिले. मुलगा स्टूलवर बसलेला, समोर जतचा एक मुलगा तावातावानं काहीतरी पटवून देत होता आणि हा ऐकत होता. जाताना त्यांनी विचारलं, "हा काहीच बोलत नव्हता की?" मी हो म्हणालो. ते हसले आणि त्यांनी मामांना नमस्कार केला. त्यांची जुनी ओळख निघाली.

त्या सोनोमीटरच्या दुपारनंतर मामांनी एक गोष्ट केली, मला न विचारता. सगळ्या हँगरांवर त्यांनी फार पूर्वी पांढऱ्या ऑइलपेंटनं '५०० ग्रॅ.' असं लिहून ठेवलं होतं. त्या मुलीचा हँगर नवा होता, म्हणून तेवढ्यावरच काही लिहिलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी लॅबमध्ये गेलो तर मामा टेबलाशी बसून एकेका हँगरवरचा आकडा काळ्या इन्सुलेशन टेपनं झाकत होते. जूनमध्ये बारावीची प्रॅक्टिकल्स सुरू झाली तेव्हा त्यांनी त्या टेप काढून टाकल्या, आणि नव्या हँगरवरही वजन रंगवलं.