उत्तरपत्रिका, कुकर, उत्तरपत्रिका

दर ८ मार्चला एक पोस्टर फिरतं. साडीतली अष्टभुजा, एका हातात खडू, दुसऱ्यात लॅपटॉप, तिसऱ्यात उलथनं, चौथ्यात तान्हं मूल. खाली ओळ असते, ‘बायकांना एका वेळी दहा कामं जमतात.’ बडोद्यात दांडिया बाजार-रावपुऱ्यातून महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकवायला जाणाऱ्या मराठी प्राध्यापिकांच्या ग्रुपवरही ते येतं, आणि नेमकं इंटर्नलचे गुण भरायची घाई असते तेव्हाच. कौतुक म्हणून ठीक आहे, विज्ञान म्हणून चूक. २०१९ साली जर्मनीत ४८ स्त्रिया आणि ४८ पुरुष यांना दोन कामं एकदम आणि आलटूनपालटून करायला दिली. वेग आणि अचूकता दोघांचीही सारखीच घसरली.

का घसरते? कागदावर ‘क’ ते ‘ञ’ ही दहा अक्षरं लिहा, मग १ ते १० आकडे लिहा आणि एकूण वेळ मोजा. आता क-१, ख-२, ग-३ असं आलटूनपालटून लिहा. लिहायचं तेवढंच आहे, तरी वेळ वाढतो आणि मध्येच कुठेतरी हात थबकतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आर्थर जर्सिल्ड यांनी १९२७ साली बेरीज-वजाबाकीच्या याद्या वापरून काम बदलण्याचा हाच दंड, म्हणजे वाढलेला वेळ, मोजला होता. कुठल्याही कामासाठी मेंदूला एक मांडणी लावावी लागते: कशाकडे बघायचं, कुठला नियम लावायचा, काय करायचं. काम बदललं की मांडणी बदलते, आणि त्याला वेळ लागतो.

मग पुढचं काम कुठलं ते आधीच माहीत असेल तर? रॉजर्स आणि मॉन्सेल यांनी १९९५ मध्ये तेही तपासलं. तयारीला सुमारे ०.६ सेकंद मिळेपर्यंत दंड कमी होत गेला. त्यापुढे तयारीचा वेळ दुप्पट करूनही थोडा उरलाच. म्हणजे ‘मनाची तयारी’ एका हद्दीपर्यंतच चालते.

खरी गंमत पुढे आहे. लाल शाईत ‘हिरवा’ असं छापलेलं असेल तर शब्द वाचणं सोपं, शाईचा रंग सांगणं अवघड. अवघडाकडून सोप्याकडे येणं स्वस्त असेल असं वाटतं. ॲलपोर्ट आणि सहकाऱ्यांना १९९४ मध्ये उलटं दिसलं: सोप्याकडे परततानाच जास्त वेळ जातो. एक स्पष्टीकरण असं की रंग सांगायचा तर वाचनाची सवय दाबून धरावी लागते, आणि दाबलेली गोष्ट लगेच वर येत नाही. २००० साली मायर आणि कील यांनी आणखी एक पायरी गाठली. अ, ब, क ही तीन कामं धरली, तर अ-ब-अ या क्रमातलं शेवटचं ‘अ’ हे क-ब-अ मधल्या ‘अ’पेक्षा हळू होतं, कारण ‘ब’साठी नुकतंच दाबलेलं ‘अ’ अजून दबलेलंच असतं. उत्तरपत्रिका, कुकर, उत्तरपत्रिका हा तोच अ-ब-अ.

हे सगळे आकडे सेकंदाच्या अंशातले आहेत. त्यावरून संध्याकाळचे दोन तास वाया गेले असा थेट हिशेब मांडता येत नाही. मोठ्या कामांचं वेगळं मोजमाप सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये केलं. पहिलं काम अर्धवट सोडून दुसरं घेतलं की लक्षाचा काही भाग मागेच रेंगाळतो आणि दुसऱ्या कामाची गुणवत्ता उतरते. म्हणून अभ्यासाचं टेबल ईशान्येला वळवून किंवा ‘उजवा मेंदू जागृत’ करणाऱ्या शिबिराची फी भरून काही सुधारत नाही. सुधारायची ती कामांची रचना.

समजा ४० उत्तरपत्रिका आहेत, प्रत्येकीत ६ प्रश्न. एकेक उत्तरपत्रिका पूर्ण तपासत गेलात तर प्रश्न २३९ वेळा बदलतो. सगळ्यांचा प्रश्न १, मग सगळ्यांचा प्रश्न २ असं केलंत तर फक्त ५ वेळा. आदर्श उत्तर एकदाच डोक्यात बसतं, आणि पहिल्या चांगल्या उत्तराची छाप पुढच्या उत्तराच्या गुणांवर पडत नाही. दर प्रश्नाला गठ्ठा उलटा करावा, म्हणजे सुरुवातीचा कडकपणा नेहमी त्याच मुलांच्या वाट्याला येत नाही. बिघडतं ते पुरवणीत लिहिलेल्या उत्तरांपाशी. ती सुटतात, बेरीज चुकते. म्हणून शेवटी एक फेरी फक्त बेरजेसाठी ठेवावी.

उठताना एक ओळ लिहावी: ‘प्र. ३, १७ पर्यंत झाल्या, पुढे १८, आकृतीला २ गुण.’ नुसतं ‘पेपर तपासणे’ लिहून भागत नाही. पुढची कृती ठरली की अपुरं काम मनात कमी घोळतं, हे २०११ च्या प्रयोगांत दिसलं आहे. झोपेचंही तसंच. २०१८ मध्ये ५७ तरुणांवर झालेल्या प्रयोगात, झोपण्यापूर्वी पाच मिनिटं उद्याची कामं लिहिणारे, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सुमारे ९ मिनिटं आधी झोपले. यादी कागदावर करावी. फोनवर केली की विभागाचा ग्रुप उघडतो.

आता वेळ. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत आठवड्याला किमान ४० तास काम धरलंय. त्यात सहायक प्राध्यापकाचं प्रत्यक्ष अध्यापन १६ तास, सहयोगी आणि प्राध्यापकांचं १४. उरलेल्या २४-२६ तासांपैकी दिवसा न झालेली तयारी आणि तपासणी पिशवीतून घरी येते. घरात काय वाट बघत असतं? २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात, घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या, घरकाम करणारे पुरुष ९७. घरकामाच्या वेळेचा अभ्यास बडोद्याला परका नाही. विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू हंसा मेहता यांच्या काळातच इथे गृहविज्ञानाचं शिक्षण सुरू झालं.

मिनिटांच्या हिशेबात न येणारी गोष्ट म्हणजे आठवण ठेवणं. ‘सांगितलं असतं तर केलं असतं’ म्हणणारा माणूस हात देतो, पण मांडणी दुसरीच्याच डोक्यात राहते. म्हणून काम तोडून नव्हे, अख्खं द्यावं. आजोबांच्या गोळ्या म्हणजे किती उरल्या ते बघणं, चिठ्ठी शोधणं, आणणं, डबीत भरणं, सगळं एकाकडे. सुरुवातीला एखादी पट्टी संपल्यावरच आणली जाईल. रक्तदाबाच्या गोळ्यांना तो खेळ परवडत नाही, तेव्हा सुरुवात सिलिंडरपासून करावी.