उंदराचं आतडं वळवलं, साखर उतरली

‘मधुमेहावर ऑपरेशन’ अशी बातमी आली की आमच्या ग्रुपवर कुणीतरी हमखास लिहितं, “त्यात काय, पोट लहान केलं, खाणं घटलं, वजन उतरलं, साखर उतरली.” ऐकायला बिनतोड. पण जठर लहान करून आतड्याचा वरचा भाग वगळणारं बायपास ऑपरेशन झालेल्या कित्येकांची साखर वजन नीटसं घटायच्या आत, काही दिवसांतच उतरते, त्याचं काय?

2004 साली फ्रान्सेस्को रुबिनो आणि जाक मारेस्को या सर्जननी याचं उत्तर उंदरांत शोधलं. तेही गोटो-काकिझाकी जातीच्या: जपानमध्ये पैदास झालेले, अंगाने सडपातळ, तरी मधुमेही. लठ्ठपणाची सबब तिथेच बाद. जठराला हात लावला नाही. त्याच्या खालचं ग्रहणी, म्हणजे ड्युओडेनम, आणि पुढचा थोडा भाग तेवढा अन्नाच्या वाटेतून वगळला. त्यापुढचं आतडं वर ओढून जठराशी जोडलं. काही मिलिमीटर रुंदीच्या नळीवर हे टाके! तुलनेसाठी काही उंदरांचं ‘लटकं’ ऑपरेशन: पोट उघडायचं, आतडं कापायचं, आणि पुन्हा होतं तसंच शिवायचं. भूल तीच, जखम तीच. (काढ्याने शुगर गेली म्हणणाऱ्यांना विचारून बघा, तुमचे लटका काढा प्यायलेले कुठे आहेत?)

बायपासवाल्यांची साखर सुधारली, वजनात विशेष फरक नसताना. खाणं कमी करून वजन उतरवलेल्या उंदरांना तेवढा फायदा झाला नाही.

माझा लाडका प्रयोग मात्र 2006 चा. काही उंदरांत जठरापासून पुढच्या आतड्यापर्यंत आडवाट काढली, पण ग्रहणीची जुनी वाटही उघडी ठेवली. फायदा शून्य. मग त्याच उंदरांचं पुन्हा ऑपरेशन करून जुनी वाट बंद केली, आणि साखर सुधारली. उलट, बायपास झालेल्यांत ग्रहणीतून अन्न पुन्हा सोडलं, तर बिघडली!

म्हणजे अन्न लवकर खाली पोचणं एवढंच पुरेसं नव्हतं. ग्रहणीला अन्नाचा स्पर्श न होणं महत्त्वाचं ठरलं. रुबिनोंचा तर्क असा, की अन्न लागताच तिथून इन्शुलिनच्या कामात खोडा घालणारा काही संदेश निघत असावा. दुसरा पक्ष आतड्याच्या शेवटच्या टोकाकडे बोट दाखवतो. तिथल्या एल-पेशींना अन्न भेटलं की जीएलपी-1 हे संप्रेरक स्रवतं, स्वादुपिंड जास्त इन्शुलिन सोडतं, आणि तेही फक्त रक्तात साखर चढलेली असेल तेव्हाच. हल्ली गाजणारी वजनाची इंजेक्शनं याच संप्रेरकाची नक्कल करतात.

माणसांत, विशेषतः सडपातळ मधुमेहींत, निकाल इतके चोख आले नाहीत. हे सगळं मी ग्रुपवर टाकलं. एका काकांनी विचारलं, “मग कारल्याचा रस चालू ठेवू ना?”