बत्तीस तुकड्यांचा चेंडू आणि न्यायाची तासिका

जुन्या घडणीच्या फुटबॉलला 32 तुकडे असतात. 20 षटकोनी, 12 पंचकोनी. चौथीच्या मुलांच्या हातात असा चेंडू देऊन शिवणी मोजायला सांगितल्या की वर्गात गोंधळ उडतो, कारण एकच शिवण दोनदा मोजली जाते. मग फळ्यावर हिशेब मांडायचा. 20 षटकोनांच्या 120 बाजू, 12 पंचकोनांच्या 60, एकूण 180. दोन बाजू जोडल्या की एक शिवण, म्हणून शिवणी 90. त्या 90 शिवणींत सहाशे-सातशे टाके बसतात आणि सरावलेल्या कारागिरालाही हाताने एक चेंडू शिवायला दोन-तीन तास लागतात. इथवर गणित झालं. पुढचा प्रश्न मुलांचाच असतो: हे टाके घालतं कोण?

खेळातून जागतिक न्याय शिकवण्याच्या कल्पनेमागे बरंच काही आहे, पण तिची सगळ्यात ठळक वाट याच प्रश्नावरून जाते. ती वाट पाकिस्तानातल्या सियालकोटची.

इंग्रज पलटणींना लागणारं खेळाचं सामान बनवता बनवता सियालकोटचे कारागीर या धंद्यात तरबेज झाले. 1947 च्या फाळणीत त्यांच्यातली हिंदू आणि शीख कुटुंबं आपलं कसब घेऊन जालंधर आणि मेरठला आली. पुण्यातल्या खेळसाहित्याच्या दुकानात टांगलेल्या चेंडूवर आजही बहुधा याच दोन गावांपैकी एकाचं नाव सापडतं. सियालकोट मात्र जगाचं चेंडूंचं कोठार झालं. 1990 च्या दशकात हाताने शिवलेल्या फुटबॉलचा मोठा हिस्सा तिथून जात असे. कारखान्यातून कापलेले तुकडे, सुया आणि दोरा खेड्यापाड्यांतल्या घरांत पोचवायचे आणि नगावर मजुरी द्यायची, अशी पद्धत होती. घरात आईवडील शिवायला बसले की मुलंही बसत. 1996 मध्ये एका अमेरिकी मासिकात चेंडू शिवणाऱ्या मुलाचं छायाचित्र छापून आलं आणि युरोप-अमेरिकेत संताप उसळला. फेब्रुवारी 1997 मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटना, युनिसेफ आणि सियालकोटच्या व्यापारी मंडळाने अटलांटा इथे करार केला: मुलांना या कामातून बाहेर काढायचं, शाळेत घालायचं आणि कामावर देखरेख ठेवायची. जालंधरच्या वस्त्यांतही मुलं चेंडू शिवत होती. त्याची चर्चा थोडी उशिरा झाली, एवढंच.

या कराराची पुढची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते आणि शाळेत ती सहसा सांगितली जात नाही. देखरेख सोपी व्हावी म्हणून शिवणकाम घरांतून शिवण-केंद्रांत हलवलं गेलं. लांबच्या केंद्रावर जाणं अनेक बायकांना शक्य नव्हतं. घर सांभाळून चार पैसे मिळवणाऱ्या या बायकांचं काम गेलं. पुढे बायकांसाठी वेगळी केंद्रं काढावी लागली, पण ती सगळ्यांना पुरी पडली नाहीत. मुलांचं भलं करायला निघालेल्या उपायाने त्यांच्या आयांचं नुकसान केलं. दहा वर्षांच्या मुलाला हे समजतं. आई कामावरून घरी बसली की काय होतं, हे पुण्याच्या वस्त्यांतल्या मुलांना सांगावं लागत नाही. ‘वाईट कारखानदार, बिचारी मुलं’ एवढाच धडा दिला तर आपण त्यांच्या समजुतीला कमी लेखतो.

याच काळात ब्रिटनमध्ये विकास-शिक्षणाची, म्हणजे जगातली गरिबी आणि विषमता शाळेत समजावण्याची, चळवळ चांगली रुजली होती. ऑक्सफॅम या मदत संस्थेने 1997 मध्येच जागतिक नागरिकत्वाचा अभ्यासक्रम शाळांपुढे ठेवला. व्यापारातली विषमता समजावण्यासाठी ख्रिश्चन एड या संस्थेचा एक खेळ खूप चालला. वर्गाचे गट पाडायचे. एका गटाला कात्री, पट्टी, पेन्सिल सगळं द्यायचं आणि कागद मोजकाच, दुसऱ्याला ढीगभर कागद आणि कापायला काही नाही. ठरलेले आकार कापून ‘बाजारात’ विकायचे. दहा मिनिटांत ‘हे चीटिंग आहे’ असा आरडाओरडा सुरू होतो. रडीचा डाव मुलांना कुठूनही ओळखता येतो, म्हणूनच प्राथमिक शाळेचं वय या विषयाला योग्य आहे.

दुसरी वाट बहिष्काराची, आणि ती थेट पुण्यातून गेलेली आहे. वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेला फिफाने, म्हणजे फुटबॉलच्या जागतिक संघटनेने, 1961 मध्ये निलंबित केलं आणि 1976 मध्ये बाहेर काढलं. मधल्या काळात, 1974 साली, भारताने पुण्यात सोव्हिएत संघाला 3-1 असं हरवून टेनिसच्या डेव्हिस चषकाची अंतिम फेरी गाठली. समोर दक्षिण आफ्रिका होती. विजय आणि आनंद अमृतराज फॉर्मात होते, चषक हाताशी होता, आणि भारताने खेळायला नकार दिला. चषक दक्षिण आफ्रिकेला न खेळताच मिळाला. जिंकता येण्यासारखा सामना सोडून देणं बरोबर होतं का, यावर पाचवीच्या वर्गात दोन तट पडतील आणि दोन्हीकडे दम असेल. त्याच राजवटीच्या रॉबेन बेटावरच्या तुरुंगात 1966 मध्ये कैद्यांनी माकाना फुटबॉल संघटना उभी केली, फिफाच्या नियमावलीबरहुकूम. खेळू द्या म्हणून ते वर्षानुवर्षं अर्ज करत राहिले होते. 2007 मध्ये फिफाने या संघटनेला मानद सदस्यत्व दिलं.

तिसरी वाट कोलंबियातली. 1994 च्या विश्वचषकात चुकून आपल्याच जाळ्यात गोल मारलेला कोलंबियाचा खेळाडू आंद्रेस एस्कोबार मेडेयिनला परतला आणि गोळ्या घालून मारला गेला. तिथेच राहणाऱ्या युर्गेन ग्रीसबेक या जर्मन माणसाने नंतर टोळ्यांतल्या पोरांसाठी वेगळ्या नियमांचा फुटबॉल सुरू केला. पंच नाही. संघ मुलामुलींचे मिळून, आणि पहिला गोल मुलीचाच. सामन्याचे भाग तीन: आधी दोन्ही संघांनी बसून नियम ठरवायचे, मग खेळायचं, मग पुन्हा बसून कोण कसं वागलं ते बोलायचं आणि त्याचेही गुण धरायचे. आपल्याकडे नागपुरात विजय बारसे यांनी 2001 च्या सुमारास झोपडपट्टी फुटबॉल सुरू केला. त्यातून उभ्या राहिलेल्या स्लम सॉकरला 2016 मध्ये फिफाचा विविधता पुरस्कार मिळाला. मुंबईत 1999 पासून मॅजिक बस या संस्थेने खेळाच्या सत्रांतून शिक्षण, आरोग्य, मुलींचा बरोबरीचा वाटा हे विषय हाताळले.

खेळ आणि मग गोल बसून बोलणं ही पद्धत पुण्याला मात्र नवी नाही. 4 जून 1941 रोजी पुण्यात राष्ट्र सेवा दल सुरू झालं, एस. एम. जोशी दलप्रमुख होते. संध्याकाळच्या शाखेत आधी खेळ, गाणी आणि मग बौद्धिक, त्यात जात, धर्म, स्त्री-पुरुष समता. आजच्या क्रीडा-शिक्षणाच्या पुस्तिकांत हे सूत्र परदेशी शोध म्हणून येतं तेव्हा मला वाईट वाटतं, कारण ते आपल्याच गल्ल्यांत रुजलेलं होतं.

त्याहीआधीचा धडा पालवणकर बाळूंचा. ते क्रिकेटचे, पण पुण्यातल्या मुलांना न्यायाची पहिली गोष्ट सांगायची तर मी त्यांचीच सांगेन. चर्मकार समाजातले बाळू पूना क्लबच्या मैदानावर महिना चार रुपयांवर राबत आणि सरावाच्या जाळ्यात ग्रेगसारख्या इंग्रज फलंदाजांना तासन्तास गोलंदाजी टाकत. फलंदाजीची संधी त्यांना कोणी देत नसे. पुढे पुण्याच्या हिंदू संघाने युरोपियनांना हरवण्यासाठी त्यांना घेतलं. मैदानावर चेंडू सगळ्यांच्या हातांतून फिरत होता. चहाच्या वेळी मात्र बाकीचे पॅव्हेलियनमध्ये चिनी मातीच्या कपांतून पीत आणि बाळूंना बाहेर, फेकून द्यायच्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. बरोबर खेळता तर बरोबर खायला काय हरकत, असं न्यायमूर्ती रानड्यांनी जाहीरपणे बजावलं. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात बाळूंनी 114 बळी घेतले. हिंदू संघाचं कर्णधारपद बाळूंना कधीच मिळालं नाही. त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना ते 1923 मध्ये मिळालं.

कागदावर सगळं अनुकूल आहे. बालहक्क संहितेतला खेळण्याचा हक्क भारताने 1992 मध्ये मान्य केला. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या अनुसूचीत मैदान आणि खेळाचं साहित्य आहे. 2020 च्या शैक्षणिक धोरणात खेळ इतर विषयांत मिसळण्याचा स्पष्ट उल्लेख आहे. 17 वर्षांखालील विश्वचषकाच्या निमित्ताने 15 सप्टेंबर 2017 रोजी महाराष्ट्रातल्या शाळांमध्ये लाखो मुलं एकाच दिवशी फुटबॉल खेळली, शाळांना चेंडू मिळाले. अडचण जागेची. पेठांमधल्या कित्येक शाळांना फरसबंद अंगणापलीकडे काही नाही, आणि जिथे मैदान आहे तिथे ते बहुतेक वेळ मुलग्यांच्याच ताब्यात असतं. मुली कडेला उभ्या असतात किंवा लिंबूटिंबू म्हणून घेतल्या जातात. जागतिक न्यायाची चर्चा इथून, आपल्या अंगणात कोणाला किती जागा मिळते इथून सुरू केली तर सियालकोट मुलांना लांबचं वाटत नाही.

संयुक्त राष्ट्रांचा विकास आणि शांततेसाठीचा क्रीडा दिन 6 एप्रिलला असतो. आपल्याकडे ते परीक्षेचे दिवस. 29 ऑगस्टचा राष्ट्रीय क्रीडा दिन अधिक सोयीचा: सत्र नुकतं रुळलेलं असतं आणि शाळा तो दिवस साजरा करतातच. त्या दिवशीच्या सामन्याआधी नियम ठरवायला आणि सामन्यानंतर बोलायला मिळून एक तासिका वेळापत्रकात टाकायची, तर वेगळा निधी लागत नाही, मुख्याध्यापकांची सही पुरते.