वादळी ढगांचे संगणकीय चित्रण

वादळी ढगांचे संगणकीय चित्रण म्हणजे संगणकावर तयार केलेल्या निसर्गचित्रात गडगडाटी वादळाचे ढग खरे वाटतील अशा रीतीने घडवण्याचे आणि प्रकाशित करण्याचे तंत्र. डोंगराला किंवा पाण्याला पृष्ठभाग असतो. ढगाला तो नसतो. म्हणून ढग बहुभुजांच्या जाळीतून न घडवता अवकाशातील प्रत्येक बिंदूपाशी जलकणांची घनता किती आहे हे सांगणाऱ्या त्रिमितीय क्षेत्रातून घडवतात. या क्षेत्राला व्हॉल्यूम म्हणतात. अशा चित्राची खरी कसोटी मात्र आकारापेक्षा प्रकाशात लागते. वादळी ढगाचा काळेपणा त्याच्या जाडीतून आपोआप उतरला पाहिजे. तो रंग म्हणून वरून दिला, तर ढगाऐवजी धूर दिसू लागतो.

ढगातील जलबिंदूंची त्रिज्या साधारणतः १० मायक्रोमीटरच्या आसपास असते, तर दृश्य प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ०.४ ते ०.७ मायक्रोमीटर असते. बिंदू तरंगलांबीपेक्षा कितीतरी मोठे असल्यामुळे ते सगळ्या रंगांचे प्रकीर्णन (प्रकाश इतस्ततः विखुरणे) जवळजवळ सारखेच करतात आणि प्रकाश शोषून घेतात तो अगदी नगण्य. त्यामुळे ढग मुळात पांढराच असतो. दाट वादळी ढगात किरण काही मीटर, फार तर काही दहा मीटर सरळ जातो आणि कुठल्या तरी बिंदूवर आदळून दिशा बदलतो. दहा-बारा किलोमीटर जाडीच्या ढगात हे पुन्हा पुन्हा घडत राहते. बहुतेक प्रकाश माथ्यातून आणि बाजूंनी बाहेर पडतो आणि तळापर्यंत फारच थोडा पोहोचतो. एकच ढग उन्हाच्या बाजूने डोळे दिपवणारा आणि खालून काळाकुट्ट दिसतो, त्याचे कारण हे आहे.

नवशिक्या चित्रकाराची सर्वांत मोठी अडचण इथूनच सुरू होते. ढगातील बिंदूंवरून प्रकाशाची अनेकवार होणारी परावर्तने मोजण्यास वेळ लागतो म्हणून बहुतेक रेंडरर, म्हणजे प्रकाशाचे गणित करून अंतिम चित्र काढणारे प्रोग्राम, त्यांच्यावर मर्यादा घालतात; ब्लेंडर या त्रिमितीय चित्रणाच्या सॉफ्टवेअरमधील सायकल्स रेंडररमध्ये तर व्हॉल्यूमसाठी ही मर्यादा मुळात शून्य ठेवलेली असते, म्हणजे किरण ढगात एकदाच विखुरलेला धरला जातो. अशा वेळी ढगाचा उजेडातला भागही मळकट राखाडी होतो, आणि मग चित्रकार घनता कमी करून किंवा सूर्याची तीव्रता वाढवून तो उजळवू पाहतो. दोन्ही उपाय ढगाचे वजन घालवतात. परावर्तनांची संख्या वाढवणे, किंवा ते परवडत नसेल तर बहुप्रकीर्णनाचा अंदाज देणारे सूत्र वापरणे, हाच योग्य मार्ग आहे. प्रकाश कोणत्या दिशेने किती विखुरतो हे ठरवण्यासाठी हेन्यी आणि ग्रीनस्टाइन यांचे १९४१ मधील सूत्र आजही सर्रास वापरले जाते, जरी ते मूळचे आकाशगंगेतील धुळीसाठी मांडलेले होते. त्यातील विषमतेचे मूल्य ढगांसाठी ०.८५ च्या आसपास घेतात. याचा अर्थ बहुतेक प्रकाश पुढच्याच दिशेने निघून जातो. सूर्य ढगामागे असताना कडेला उमटणारी लखलखती रुपेरी किनार त्यातूनच मिळते.

या तंत्राचा पाया १९८० च्या दशकात घातला गेला. जिम ब्लिन यांनी १९८२ मध्ये ढग आणि धूलिकणांच्या थरांवरून होणाऱ्या प्रकाशाच्या प्रकीर्णनाचे प्रतिमान मांडले; १९८४ मध्ये काजिया आणि व्हॉन हर्झेन यांनी घनतेच्या क्षेत्रातून किरण नेऊन प्रतिमा काढण्याची पद्धत दिली. १९८५ मध्ये जेफ्री गार्डनर यांनी पोत चढवलेल्या लंबगोलांतून ढग उभे केले आणि त्याच वर्षी केन पर्लिन यांचे नॉइज फलन, म्हणजे नैसर्गिक वाटणारी अनियमितता निर्माण करणारे गणिती सूत्र, प्रसिद्ध झाले. पुढे १९९६ मध्ये स्टीव्हन वर्ली यांनी पेशींसारख्या रचनेचे फलन दिले. पर्लिन नॉइज तलम, वाहता पोत देते. वर्ली नॉइज उलटे करून घेतले की फुगीर गोळे मिळतात. दोहोंच्या मिश्रणातून फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी ढगाची बाह्यरेषा साधते. २०१५ मध्ये अँड्र्यू श्नायडर यांनी ‘होरायझन झीरो डॉन’ या व्हिडिओ खेळासाठी हेच मिश्रण वापरून ढग चालू खेळात त्या त्या क्षणी रेंडर करता येतात हे दाखवले.

नॉइज कितीही चांगले असले, तरी त्यातून वादळ आपोआप तयार होत नाही. नॉइज सगळीकडे सारखे असते, वादळी ढगाला मात्र तळ, धड आणि माथा असतो, आणि तिन्हींचे स्वरूप वेगळे असते. वर चढणारी हवा ठराविक उंचीवर संपृक्त होते, त्यामुळे तळ बहुधा सपाट असतो. त्याच्यावर उभे राहणारे बुरूज द्रवबिंदूंचे असतात आणि त्यांच्या कडा ठसठशीत दिसतात. तपस्तब्धीशी, म्हणजे वातावरणाच्या सर्वांत खालच्या थराच्या वरच्या सीमेशी, पोहोचल्यावर वरची वाट अडते आणि ढग आडवा पसरून ऐरणीच्या आकाराचा माथा तयार होतो. हा माथा हिमकणांचा असतो. हिमकण हळूहळू विरतात, म्हणून तिथल्या कडा मऊ आणि तंतुमय असतात. संगणकावर हा फरक उंचीनुसार नॉइजचे गुणधर्म बदलून आणावा लागतो: खाली घनतेचा तीव्र उतार, वर वाऱ्याच्या दिशेने ताणलेला विरळ पोत. बऱ्याच चित्रांत बुरुजाचाच पोत माथ्यापर्यंत नेलेला असतो, आणि ढग कितीही बारकाईने घडवलेला असला तरी खोटा वाटतो तो याच कारणाने. माथ्याखाली लोंबणारे मॅमॅटस ढग, किंवा पुढच्या बाजूला थंड हवेच्या लोटावर उचलली गेलेली ढगांची आडवी पट्टी, यांना स्वतंत्रपणे घडवणे बरे. ती नॉइजमधून योगायोगाने मिळत नाहीत.

आकारमानाकडे फारसे लक्ष दिले जात नाही, पण चित्र बहुतेकदा तिथेच फसते. वादळी ढगाचा माथा १२ ते १६ किलोमीटर उंच, उष्ण कटिबंधात त्याहूनही उंच जातो. १५ किलोमीटर उंचीचा ढग ४० किलोमीटरवरून पाहिला तर तो क्षितिजापासून जेमतेम २० अंश वर येतो. म्हणजे संपूर्ण माथा दिसायचा असेल, तर कॅमेरा खूप दूर हवा. जवळ गेल्यास फक्त काळा तळच दिसतो. दूरच्या ढगाच्या पायथ्याशी मधल्या हवेचा निळसर पडदा हवा, नाहीतर तो टेकडीएवढा लहान भासतो. मॅट फेअरक्लॉ यांनी विकसित केलेल्या टेराजेनसारख्या निसर्गचित्रे घडवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ग्रहाची वक्रता आणि वातावरण एकत्र धरलेले असते, त्यामुळे मोजमापे खरी ठेवली की हा परिणाम जवळपास विनासायास मिळतो.

पाऊस हा ढगाचाच भाग असला, तरी त्याचे व्हॉल्यूम वेगळे ठेवणे सोयीचे असते. पावसाचे थेंब मिलिमीटरच्या मापाचे असतात आणि तेवढ्याच वजनाच्या पाण्यातून ढगातील बिंदूंपेक्षा कितीतरी कमी प्रकाश अडवतात. म्हणून सरींचा पडदा करडा पण अर्धपारदर्शक हवा, आणि वाऱ्याच्या वेगातील फरकामुळे किंचित तिरपा. विजेसाठी ढगाच्या आत प्रकाशाचा अरुंद स्रोत ठेवतात. वीज पुष्कळदा ढगातच झाकलेली असते. तिची रेषा दिसण्याऐवजी आसपासचे फुगवटे आतून उजळतात, आणि बहुप्रकीर्णन नीट मोजले असेल, तर हा उजेड ढगाच्या विरळ भागांतून आपोआप झिरपतो. जमिनीवरून परतणारा उजेडही विसरता कामा नये: बर्फाच्छादित प्रदेशावरच्या ढगाचा तळ गर्द जंगलावरच्या ढगापेक्षा उजळ असतो, आणि सूर्य क्षितिजाशी असताना मॅमॅटसच्या खालच्या बाजू थेट किरणांनी नारिंगी होतात.