पाल्याची ‘इंग्लिश लर्नर’ ही नोंद कशी बदलते : बे एरियातील मराठी पालकांसाठी माहितीपत्रक

शाळेचे नवे वर्ष सुरू झाले की आमच्या वर्गांकडे येणारे बहुतेक पालक एकच विचारणा करतात. प्रवेशाच्या वेळी होम लँग्वेज सर्व्हेमध्ये घरची भाषा मराठी लिहिली, त्यामुळे मुलाची परीक्षा झाली आणि त्याला इंग्लिश लर्नर, म्हणजे इंग्रजी अजून शिकत असलेला विद्यार्थी, ठरवण्यात आले. आता तो फॉर्म मागवून तेथे इंग्रजी लिहिले, तर ही नोंद निघेल का? याचे स्पष्ट उत्तर असे की, निघणार नाही. कॅलिफोर्नियाच्या नियमांप्रमाणे सर्व्हेतील उत्तर पालकांना केव्हाही बदलता येते, परंतु एल्पॅक या राज्याच्या इंग्रजी प्रावीण्य परीक्षेपैकी इनिशियल एल्पॅक ही पहिली परीक्षा होऊन गेल्यानंतर केलेल्या बदलाचा पाल्याच्या नोंदीवर काहीही परिणाम होत नाही. असे असूनही अनेक कुटुंबे शाळेच्या ऑफिसला ईमेल पाठवण्यात आणि परिसरातील शाळा चालवणाऱ्या स्कूल डिस्ट्रिक्टकडे अर्ज करण्यात सबंध हिवाळा घालवतात. तोवर १ फेब्रुवारी उजाडतो, इंग्लिश लर्नर मुलांची त्या वर्षीची एल्पॅक सुरू होते आणि ज्या तयारीने खरोखर उपयोग झाला असता ती करायला वेळच उरत नाही. हे माहितीपत्रक मुख्यतः तो वेळ वाचावा यासाठी आहे.

सर्व्हेमध्ये चार प्रश्न असतात: मूल बोलायला लागले तेव्हा कोणती भाषा शिकले, घरी ते जास्त करून कोणती भाषा वापरते, पालक त्याच्याशी कोणत्या भाषेत बोलतात आणि घरातील मोठी माणसे आपसांत कोणती भाषा बोलतात. पहिल्या तिन्हींपैकी एकाही प्रश्नाला इंग्रजीखेरीज दुसरे उत्तर असेल, तर प्रवेशापासून ३० दिवसांच्या आत शाळेला इनिशियल एल्पॅक घ्यावी लागते. त्यात इंग्रजी पुरेशी आढळल्यास मुलाची नोंद आय-फेप, म्हणजे मुळातच इंग्रजीत प्रवीण, अशी होते. अन्यथा ते इंग्लिश लर्नर ठरते. पुण्यात किंवा नाशिकमध्ये इंग्रजी माध्यमात शिकलेल्या मुलाला हा शिक्का बसला की पालकांना तो अपमान वाटतो. त्यांची ही भावना आम्ही समजू शकतो, परंतु नव्या देशात नुकतेच उतरलेले पाच-सहा वर्षांचे मूल अनोळखी परीक्षकासमोर गप्प बसले, तर त्या गप्प बसण्याला गुण देण्याची सोय कोणत्याही परीक्षेत नसते. नोंद खरोखरच चुकीची झाली आहे असे आपणांस वाटत असेल, तर फेरतपासणीची लेखी मागणी करण्याचा मार्ग आहे. मात्र ती मागणी मुलाची पहिली समेटिव्ह एल्पॅक, म्हणजे दरवर्षी होणारी एल्पॅक, होण्यापूर्वीच करावी लागते. त्यानंतर उरतो तो रीक्लासिफिकेशनचा, म्हणजे फेरनोंदीचा, मार्ग.

धाकट्या भावंडाच्या प्रवेशाच्या वेळी सगळीकडे सरळ इंग्रजीच लिहून मोकळे व्हावे, असा सल्ला परिचितांकडून मिळतो. आम्ही तो कधीही देत नाही. भाषेच्या आधारावाचून मुलांना वर्गात नुसते बसवून ठेवणे म्हणजे त्यांना शिक्षणापासून वंचित ठेवणे होय, हे १९७४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सॅन फ्रान्सिस्कोतील चिनी भाषिक विद्यार्थ्यांच्या लाउ विरुद्ध निकल्स या खटल्यात मान्य केले. शाळेत इंग्रजीसाठी मिळणारे वेगळे शिक्षण हा त्या लढ्यातून पक्का झालेला हक्क आहे. ज्या मुलाला त्याची गरज आहे, त्याच्याकडून तो घरच्यांनीच काढून घेणे आम्हांस योग्य वाटत नाही.

आता मूळ मुद्दा. इंग्लिश लर्नर ही नोंद जाऊन आर-फेप, म्हणजे इंग्रजीत प्रवीण म्हणून फेरनोंद, होण्यासाठी कॅलिफोर्नियाच्या शिक्षण संहितेतील कलम ३१३ प्रमाणे चार निकष पाहिले जातात. पहिला निकष समेटिव्ह एल्पॅकचा असून तो राज्यभर सारखाच आहे: एकूण निकालात लेव्हल ४, म्हणजे सर्वांत वरची पातळी, यावी लागते आणि लेव्हल ३ वर फेरनोंद होत नाही. दुसरा निकष शिक्षकांच्या मूल्यमापनाचा आहे, तर तिसरा पालकांचे मत व त्यांच्याशी सल्लामसलत यांचा. चौथ्यात मुलाची मूलभूत कौशल्ये त्याच्याच वयाच्या, इंग्रजीत प्रवीण असलेल्या मुलांच्या तुलनेत पाहतात. यासाठी कोणती चाचणी धरायची आणि किती गुण पुरेसे मानायचे, हे प्रत्येक डिस्ट्रिक्ट आपल्यापुरते ठरवते. त्यामुळे फ्रीमाँटमधील मैत्रिणीच्या मुलीला जे लागू झाले तेच सनीवेलमध्ये आपल्या मुलाला लागू होईल, असे धरून चालू नये. ‘लेव्हल ४ आली, तरी शाळा नोंद का बदलत नाही?’ या दुसऱ्या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा या चौथ्या निकषातच असते. डिस्ट्रिक्टचा निकषांचा तक्ता मागून घ्यावा. तो मागण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही. तसेच शाळेचे सल्लामसलतीचे पत्र आले की त्याला त्याच आठवड्यात लेखी उत्तर द्यावे, कारण पालकांचे उत्तर येईपर्यंत फाइल तशीच पडून राहते असा आमच्याकडे येणाऱ्या कुटुंबांचा अनुभव आहे.

समेटिव्ह एल्पॅक दरवर्षी १ फेब्रुवारी ते ३१ मे या काळात होते आणि तीत ऐकणे, बोलणे, वाचणे व लिहिणे ही चारही अंगे तपासली जातात. इयत्ता पहिलीपासून पुढे तोंडी भाषेचे वजन निम्मे आणि लेखी भाषेचे निम्मे असते. आपल्या मुलांचे वाचन सहसा चांगले असते. ती अडतात ती बोलण्यात, आणि तीही इंग्रजी येत नाही म्हणून नव्हे. उदाहरणार्थ, एका प्रकारच्या प्रश्नात दोन पर्याय दाखवून विचारतात की, वर्गासाठी यांतले कोणते निवडावे आणि का. आमच्याकडे नव्याने आलेले मूल एका शब्दात उत्तर देते आणि थांबते. उत्तर बरोबर आले की गप्प बसायचे, ही सवय त्याला आधीच्या शाळेने लावलेली असते आणि तेथे ती चांगलीच मानली जात होती. येथे मात्र गुण मिळतात ते निवडीमागचे कारण पूर्ण वाक्यात मांडण्याला. दुसऱ्या एका प्रकारात चित्रांच्या आधारे एखाद्या शास्त्रीय विषयाची माहिती ऐकवतात आणि मुलाने ती क्रमाने, स्वतःच्या शब्दांत पुन्हा सांगायची असते. ज्या मुलाला सगळे समजले आहे, तेही येथे ‘आधी काय झाले, मग काय झाले आणि कशामुळे झाले’ हे जोडणारे शब्द न वापरता दोन तुटक वाक्ये बोलते व गुण गमावते. ही सवय बदलता येते, पण त्याला काही महिने लागतात, चार दिवस पुरत नाहीत.

म्हणूनच आमचे बोलण्याच्या सरावाचे छोटे गट परीक्षेच्या तोंडावर न भरवता शरद ऋतूत सुरू होतात आणि जानेवारीत आम्ही नवीन मुले घेत नाही. हा नियम काही पालकांना जाचक वाटतो, परंतु दोन आठवड्यांची घोकंपट्टी करून घेऊन शुल्क घेणे आम्हांस पटत नाही. एल्पॅकच्या सराव परीक्षा राज्याच्या अधिकृत संकेतस्थळावर विनामूल्य आहेत. आम्ही प्रश्नसंच विकत नाही आणि कोणी विकत असेल तर घेण्यापूर्वी त्या मोफत परीक्षा जरूर पाहाव्यात. लेव्हल ४ ची हमीही आम्ही देत नाही. सल्लामसलतीच्या पत्राचे उत्तर पालकांनी स्वतः लिहावे असा आमचा आग्रह असतो. त्यातील मुद्दे नीट मांडायला मात्र आम्ही आनंदाने मदत करतो.

एल्पॅकमधून मुलाला वगळावे, अशी मागणी करूनही उपयोग होत नाही. इंग्रजी विकासाच्या काही विशेष कार्यक्रमांना पालक नकार देऊ शकतात, पण त्यामुळे नोंदही जात नाही आणि वार्षिक परीक्षाही टळत नाही. ज्या मुलांचा विशेष शिक्षणाचा आयईपी (वैयक्तिक शिक्षण आराखडा) आहे, त्यांच्या परीक्षेतील सवलतींचा निर्णय आयईपी ठरवणाऱ्या समितीकडे असतो. त्याबाबत प्रथम शाळेशीच बोलावे.

आमच्या मनाला लागणारी एक गोष्ट येथे लिहिणे आवश्यक वाटते. ही नोंद हाती पडताच काही घरांतून मराठी बंद होते, आजीला फोनवर नातवाशी मोडक्या इंग्रजीत बोलावे लागते आणि मूल दोन्ही भाषांत कमी बोलू लागते. कृपया असे करू नये. फेरनोंदीच्या चारही निकषांत ‘घरी इंग्रजी बोला’ अशी अट कोठेही नाही. दिवसभरात काय घडले हे मुलाने मराठीत क्रमवार, कारणे देऊन सांगितले, तर परीक्षेला हवे असलेले तेच कौशल्य घडत असते. शिवाय हायस्कूलच्या अखेरीस कॅलिफोर्निया राज्य पदविकेवर द्विभाषिकतेची मोहोर देते. डिस्ट्रिक्टला मान्य असलेल्या पद्धतीने मराठीचे प्रावीण्य सिद्ध केल्यास ती मराठीसाठीही मिळू शकते.

फेरनोंद झाल्यावर शाळा पुढील चार वर्षे मुलाच्या प्रगतीवर लक्ष ठेवते. नोंद परत फिरेल अशी भीती बाळगू नये. मूल कोठे मागे पडत असेल तर त्याला मदत मिळावी, एवढ्यासाठी ही देखरेख असते.

पहिल्या भेटीचे शुल्क आम्ही घेत नाही. त्या भेटीत आम्ही पालकांसोबत एल्पॅकचा निकाल ओळीने वाचतो आणि अडचण बोलण्यात आहे, लिहिण्यात आहे की डिस्ट्रिक्टच्या चाचणीत, हे सांगतो. अडचण केवळ शाळेकडील कागदपत्रांची असेल, तर वर्ग लावण्याची गरज नाही असेही आम्ही स्पष्टपणे सांगतो. येताना पेरेंट पोर्टलवरील एल्पॅकचा अलीकडचा निकाल सर्व पानांसह, डिस्ट्रिक्टचा निकषांचा तक्ता, शेवटचे प्रगतिपुस्तक आणि शाळेकडून आलेली पत्रे सोबत आणावीत. होम लँग्वेज सर्व्हेची प्रत आणण्याची आवश्यकता नाही.