पार्श्वभूमी : चीड, चिलगोजा आणि तहान सोसणारी जनुकं

इंदूरच्या सियागंजातल्या सुक्या मेव्याच्या दुकानांत मिळणारा चिलगोजा म्हणजे हिमालयातल्या एका पाइनचं बी. टरफल काढून जो पांढरा गर आपण तोंडात टाकतो, त्यात गर्भ असतो तो मधोमध, काडीएवढा. भोवतीचा बाकी सगळा गर आईचा, म्हणजे मादी युग्मकजनक. त्याच्या पेशींत गुणसूत्रांच्या जोड्या नसतात, १२ गुणसूत्रांचा एकेरी संच असतो, आणि ज्या अंडपेशीपासून गर्भ झाला तिच्याशी तो तंतोतंत जुळतो. पाइनवर जनुकीय मार्करांचं (झाडाझाडांतला फरक दाखवणाऱ्या खुणांचं) काम इतकं लवकर सुरू झालं ते या गरामुळे. एका झाडाच्या मूठभर बिया घ्यायच्या, गर आणि गर्भ वेगळे तपासायचे. आईकडून काय आलं ते गरात दिसतं, गर्भातून तेवढं वजा केलं की बाप उरतो. संकर करून वर्षानुवर्षं थांबायला नको.

‘दुष्काळात तग धरणाऱ्या पाइनची जनुकं सापडली’ अशा बातम्या हल्ली अधूनमधून येतात. त्या बातम्यांत जे गृहीत धरलेलं असतं, ते कसकसं घडत आलं, एवढ्यापुरतं हे टिपण.

मार्कर येण्याआधीची पद्धत साधी होती. ठिकठिकाणचं बी आणायचं आणि एकाच मातीत शेजारी शेजारी लावून बघायचं. फ्रान्समध्ये स्कॉट्स पाइनवर १८२०च्या दशकात हे झालं, १९०७ साली त्याच जातीवर आंतरराष्ट्रीय चाचणी सुरू झाली. १९७०च्या दशकात स्टार्च जेलवर एन्झाइमांचे पट्टे वेगळे करता येऊ लागले, तेव्हा दिसलं ते असं : पाइनच्या एकेका जंगलात भरपूर विविधता, पण या जंगलात आणि त्या जंगलात फरक किरकोळ, बहुधा एकूण विविधतेच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. परागकण वाऱ्यावर कुठच्या कुठे जातात, त्याचा हा परिणाम. अपवादही निघाले. उत्तर अमेरिकेतला रेड पाइन एवढ्या मोठ्या मुलखात पसरलेला, पण जेलवर जवळजवळ एकसारखा.

१९९० साली आरएपीडी ही डीएनएतले फरक पट्ट्यांच्या रूपात दाखवणारी स्वस्त पद्धत आली (बोलताना सगळे ‘रॅपिड’च म्हणत) आणि हात आखडून चालणाऱ्या प्रयोगशाळांचे दिवस पालटले. डीएनएच्या दहा अक्षरांचा कुठलाही प्रायमर (जिथून प्रत काढायला सुरुवात होते तो तुकडा) घ्या, तापमान ३६ अंशांच्या आसपास ठेवा. त्या जातीची जनुकं आधी माहीत असायची गरज नाही. पाइनच्या सुयांतून डीएनए काढणं हा मात्र छळ होता. राळ आणि टॅनिन इतकं, की सगळं नीट करूनही नळीच्या तळाशी पांढऱ्या धाग्याऐवजी तपकिरी चिकट गोळा बसायचा आणि त्यावर पीसीआर (डीएनएच्या प्रती काढणं) चालायचं नाही. वर डीएनए काढताना लागणाऱ्या मर्कॅप्टोइथेनॉलचा तो वास, डबा उघडायची इच्छाच मरायची. त्यापेक्षा बिया बऱ्या. रात्रभर भिजवायच्या, ब्लेडने उभ्या चिरायच्या, चिमट्याने गर्भ उचलून बाजूला ठेवायचा आणि उरलेला गर कुटायचा. आरएपीडीचा मोठा दोष म्हणजे पट्टा दिसला तरी त्यामागे प्रत एक की दोन, ते कळत नाही. एकेरी गरात तो प्रश्नच उद्भवत नाही, म्हणून इतर झाडांत लंगडी ठरलेली ही पद्धत पाइनमध्ये धडधाकट चालली. मशीन बदललं की पट्टे बदलत, हे दुखणं मात्र कायम राहिलं. पुढे नियतकालिकांनी तिच्यावर फुली मारली. माझ्या मते पाइनपुरती ती जरा घाईनेच मारली गेली, पण आता तो वाद शिळा झाला.

त्याआधी थोडंसंच, १९८९ साली, आणखी एक गोष्ट दिसून आली होती. पाइनमध्ये हरितलवकाचा डीएनए परागातून, म्हणजे बापाकडून येतो आणि मायटोकॉन्ड्रियाचा आईकडून. म्हणजे एकाच झाडात दोन प्रवास नोंदलेले : वाऱ्यावरून आलेल्या परागाचा आणि जमिनीवरून सरकलेल्या बियांचा.

एवढं सगळं हाताशी आलं, पण हे मार्कर सांगत होते ते झाड कुठून आलं तेवढंच. ते तहान किंवा थंडी कशी सोसतं, यावर ते गप्प. १९९६ साली फिनलंडमधल्या स्कॉट्स पाइनच्या अभ्यासात हे उघडं पडलं. उत्तरेकडची आणि दक्षिणेकडची रोपं एकत्र वाढवली तर हंगामाअखेर वाढ थांबवून कळी धरण्याच्या तारखेत सुमारे तीन आठवड्यांचं अंतर, आणि मार्करांत मात्र फरक जेमतेम. ‘मार्कर सारखे, म्हणून बी कुठलंही कुठेही लावा’ म्हणणाऱ्यांना यावर गप्प बसावं लागायला हवं होतं. सगळे बसले नाहीत.

२०००नंतर रोख थेट जनुकांकडे वळला. पेशी सुकताना तिला जपणारी डिहायड्रिन, पाणी पेशीत आत-बाहेर नेणारी ॲक्वापोरिन, रंध्रं मिटायला लावणाऱ्या ॲब्सिसिक आम्लाच्या साखळीतली जनुकं, ही त्यातली ठरलेली मंडळी. इथेच एक गफलत शिरली आणि ती अजून पुरती निघालेली नाही. कुंडीतल्या रोपाचं पाणी तोडलं की जी जनुकं जागी होतात, ती तहानेला प्रतिसाद देणारी. पण ती सगळ्याच रोपांत सारखीच जागी होत असतील तर निवडायला काय उरलं? अनुकूलनासाठी झाडाझाडांत फरक हवा, तो फरक पुढच्या पिढीत उतरायला हवा आणि त्याने जगण्या-मरण्यात काही फरक पडायला हवा. आणि असा फरक सापडला तरी एकेका अक्षरबदलाने गुणातल्या फरकाचा फारतर काही टक्के उलगडा व्हायचा.

मालव्यातल्या वाचकाला हे विचित्र वाटेल, कारण मार्कर म्हटलं की आपल्यासमोर सोयाबीन येतं. इंदूरलाच तयार झालेला एनआरसी १२७ हा कुनिट्झ ट्रिप्सिन इनहिबिटर (पचनात अडथळा आणणारं प्रथिन) नसलेला वाण मार्करच्या मदतीनेच निवडला गेला. तिथे जनुक एक, परिणाम ठळक आणि पीक काही महिन्यांचं. पाइनची दुष्काळ सोसण्याची ताकद शेकडो जनुकांत विखुरलेली आणि झाडाचं आयुष्य माणसाहून मोठं. जीनोमचा, म्हणजे सगळ्या डीएनएचा, आकारही तसाच. सोयाबीनचा सुमारे १.१ अब्ज अक्षरांचा, तर २०१४ साली प्रसिद्ध झालेला लोब्लोली पाइनचा सुमारे २२ अब्ज, माणसाच्या सातपट, आणि त्यातला चार-पंचमांश भाग पुन्हा पुन्हा तेच ते. त्या वाचनासाठी मुख्य डीएनए घेतला तोही एकाच बीच्या एकेरी गरातून.

आता खरा वादाचा मुद्दा. जंगलाजंगलातल्या झाडांची लाखो अक्षरं वाचायची, त्या त्या ठिकाणचं पाऊसमान आणि तापमान मांडायचं, आणि कुठलं अक्षर हवामानाबरोबर बदलतं ते शोधायचं, अशी आजची रीत आहे. यात नात्यागोत्याचा परिणाम वजा करायचा की नाही? आपल्या चिडाचंच, म्हणजे हिमालयातल्या दुसऱ्या एका पाइनचंच घ्या. तो पाकिस्तानच्या उत्तरेपासून भूतानच्या पुढपर्यंत हिमालयाच्या खालच्या उतारांवर पसरलेला. पावसाळी पाऊस पूर्वेकडे जास्त आणि पश्चिमेकडे कमी होत जातो. झाडांचं नातंही अंतराप्रमाणे पूर्व-पश्चिम विरळ होत जाणार. मग पूर्वेकडून पश्चिमेकडे बदलत जाणारं कुठलंही अक्षर पावसाशी जुळणारच, त्याचा पाण्याशी काडीचा संबंध नसला तरी. सातारच्या आणि इंदूरच्या मराठी घरांची तुलना केली तर पोह्यांवर शेव घालण्याचं ‘जनुक’ही असंच सापडेल. होळकरांबरोबर जी घराणी इकडे आली, त्यांच्यात योगायोगाने जे अक्षर जास्त होतं, ते.

म्हणून नातं वजा करा, असं एक बाजू म्हणते. त्यासाठीची मिश्र मॉडेलं (नात्याचा हिशेब वेगळा काढणारी गणितं) २००६पासून पिकांच्या अभ्यासातून आली आणि जंगलवाल्यांनी ती जशीच्या तशी उचलली. दुसरी बाजू म्हणते, हवामान आणि नातं जर एकाच दिशेने बदलत असतील तर खरी अनुकूलनाची जनुकंही त्याच दिशेने बदललेली असणार. नातं वजा केलंत की तीही गेली. हिमयुगानंतर दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकलेल्या पाइनांत हेच होतं. दोन्ही बाजू खऱ्या आहेत आणि पंचाईत तीच. एकाच माहितीतून वजाबाकी करून एक यादी निघते, न करता दुसरी, आणि दोन्हींत सामाईक नावं थोडीच. बातमीत मात्र फक्त यादी येते, वजाबाकी केली होती का ते येत नाही. माझा कल दुसऱ्या बाजूला आहे, पण एका अटीवर : न वजा केलेली यादी रोपवाटिकेत तपासल्याशिवाय तिला ‘दुष्काळाची जनुकं’ म्हणू नये.

२०१६ साली यातून एक पळवाट निघाली. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताकडचा लॉजपोल पाइन आणि स्प्रूस हे दुसरं सूचिपर्णी झाड यांचे वंश १४ कोटी वर्षांपूर्वी वेगळे झालेले. दोघांतही हवामानाशी जुळणारी तीच ती जनुकं निघाली तर योगायोग म्हणणं कठीण. अशी ४७ जनुकं निघाली. हाताशी दोन जाती असतील तरच ही युक्ती चालते.

त्याच प्रांतात २०१८ साली बी कुठून कुठे न्यायचं याचे नियम हवामानाच्या आधारावर बदलले. त्यामागे मार्करांपेक्षा जास्त वजन होतं ते जुन्या लागवडींचं. १९७४ साली लॉजपोल पाइनच्या १४० ठिकाणच्या बिया ६० जागी लावून ठेवल्या होत्या, त्यांच्यासारख्या. तेव्हा लावणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर तापमानवाढ नव्हती, लाकूड होतं.

मार्करांचा आजचा रोख वेगळ्याच ठिकाणी आहे. कुठलं जनुक काय करतं ते न विचारता हजारो अक्षरांवरून रोपाचं मोल आधीच अंदाजायचं, म्हणजे पैदाशीच्या एकेका फेरीतली काही वर्षं वाचतात. लोब्लोलीसाठी ५० हजार अक्षरांची चिप याच कामासाठी निघाली. हा अंदाज ज्या घराण्यांवर बसवला, त्यांच्याच मुलाबाळांत चांगला लागतो, परक्या जंगलातल्या झाडांवर फसतो. कारण त्याचा मोठा आधार असतो नात्यागोत्याचा, जो हवामानाशी जुळणारी जनुकं शोधणारे अभ्यासक हिशेबातून काढून टाकायला धडपडतात.